वीस गोधड्यांची वेबसाइट

एका गावात निवृत्ती नावाचा एक भोळा माणूस राहत होता. त्याला एक थोरली बहीण होती, एक मोबाइल होता आणि नुकतीच एक वेबसाइटही झाली होती.

बहीण हौसाताई गोधड्या शिवायची. जुन्या कपड्यांचे तुकडे आणि त्यांवर मुंगीच्या पावलांसारखे बारीक टाके. पण गावात घरोघरी गोधड्या होत्याच, विकत घेणार कोण? या हिवाळ्यात त्या खपल्या नाहीत, तर ताई सुई ठेवून द्राक्षाच्या बागेत मजुरीला जाणार होती. म्हणून झेरॉक्सच्या दुकानातल्या विलासनं वेबसाइट करून दिली. फोन निवृत्तीनं सांभाळायचा असं ठरलं, कारण ताईचे दोन्ही हात कामात असत.

विलास म्हणाला, “पासवर्ड कुणाला सांगू नको. अनोळखी माणसाला तर काहीच सांगू नको.”

“नाही सांगणार,” निवृत्ती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. पुण्याच्या एक बाई बोलत होत्या.

“गोधडी केवढ्याला?”

“सांगणार नाही.”

“बरं, लांबी-रुंदी?”

“बाई, मी तुम्हाला ओळखत नाही.”

“अहो, तुमचं नाव तरी सांगा!”

“बघा, हळूहळू सगळंच काढून घ्यायला लागलात,” असं म्हणून निवृत्तीनं फोन ठेवला.

ताईनं कपाळावर हात मारला. “अरे येड्या, गिऱ्हाइकाला असं बोलतात व्हय? विचारतील ते खरं खरं सांगावं. काही लपवू नये.”

“बरं ताई. पुढच्या खेपेला तसंच करतो.”

पुढच्या खेपेला कुणीतरी वेबसाइटवर विचारलं, या गोधडीचं कापड कुठलं? निवृत्तीनं काही लपवलं नाही. त्यानं फोटोखाली लिहिलं, ‘हिरवा तुकडा सरपंचांच्या पायजम्याचा. बसताना फाटला. पिवळा तुकडा मालनकाकूंच्या परकराचा. मधला डाग आमटीचा आहे, नक्षी नाही.’

संध्याकाळी शेजारच्या मालनकाकू दारात उभ्या.

“माझा परकर साऱ्या जगाला दाखवला गं मेल्यानं!”

“काढून टाक ते आधी!” ताई ओरडली.

निवृत्तीनं काढून टाकलं. काकूंचं नाव काढलं, सरपंचांचं काढलं. मग सगळे फोटो काढले, मग फोन नंबर. वेबसाइट कोरी करकरीत झाली.

विलासनं डोकं धरलं. “आता पहिल्यापासून करावं लागणार! अरे, किमती गोष्ट एकाच जागी ठेवू नये. दोन जागी असावी. एक गेली तरी दुसरी राहते.”

“बरं. पुढच्या खेपेला तसंच करतो.”

तेवढ्यात देव पावला. डोंगरावरच्या एका लॉजचे मालक, शिर्केसाहेब, यांनी वेबसाइट कोरी होण्याआधीच फोटो पाहून नंबर टिपून घेतला होता. त्यांचा फोन आला. त्यांना वीस गोधड्या हव्या होत्या आणि परवा ते स्वतः जीप घेऊन येणार होते.

“निवृत्ती, बाग टळली रे!” ताई म्हणाली. तिनं वीस गोधड्या निवडल्या, घड्या घातल्या आणि ट्रंकेत ठेवल्या.

निवृत्ती ट्रंकेकडे बघत राहिला. एवढ्या किमती गोष्टी, आणि सगळ्या एकाच जागी! त्यानं कात्री घेतली.

शिर्केसाहेब यायच्या दिवशी सकाळी ताईनं ट्रंक उघडली. पहिली गोधडी अर्धी. दुसरी अर्धी. सगळ्याच अर्ध्या.

“बाकीच्या कुठंयत?”

“मालनकाकूंकडं. प्रत्येकीची अर्धी इथं, अर्धी तिथं. आता चोर आला तरी चिंता नाही.”

ताईला रडूच आलं असतं. पण रडायला वेळ नव्हता. घरातला दोराही संपला होता. चप्पल घालता घालता ती म्हणाली, “मी तालुक्याहून दोरा आणते. तोवर सुतळीनं का होईना, जोडायला लाग. एकही तुकडा सुटा राहता कामा नये!”

“बरं ताई.”

निवृत्तीनं पोती शिवायचं दाभण घेतलं. काकूंकडचे तुकडे आणले. जेवणसुद्धा केलं नाही.

दिवस कलताना शिर्केसाहेबांची जीप आली. स्टँडवर पत्ता विचारताना भेटलेल्या ताईला त्यांनी बरोबरच आणलं होतं. पण जीप गल्लीत वळेना. गल्लीभर गोधडी पसरली होती. घराच्या ओट्यावरून ती निघाली होती, काकूंचं अंगण ओलांडून थेट मारुतीच्या पायरीला टेकली होती. मधे एक शेळी रवंथ करत बसली होती.

“मला वीस हव्या होत्या,” शिर्केसाहेब म्हणाले.

“मोजून घ्या की,” निवृत्ती घाम पुसत म्हणाला. “वीसच आहेत. एकही तुकडा सुटा नाही.”

ताईच्या हातातलं दोऱ्याचं रीळ खाली पडलं.

शिर्केसाहेब खाली वाकले. सुतळीच्या टाक्यांकडे त्यांनी पाहिलंच नाही. ताईच्या बारीक टाक्यांवरून बोट फिरवलं. मग त्यांना इतकं हसू आलं, की ते ओट्यावरच बसले.

“बाई, उसवून नीट करून द्या. मी थांबतो. वीसच्या वीस घेऊन जातो.”

ताईनं डोळ्यांना पदर लावला आणि लगेच उसवायला घेतलं.

“पण निवृत्तीराव,” डोळे पुसत शिर्केसाहेब म्हणाले, “मला एक सांगा. ही अशीच नेली असती, तर माझ्या लॉजच्या कुठल्या खोलीत मावली असती?”

निवृत्तीनं थोडा विचार केला.

“त्यात काय साहेब?” तो म्हणाला. “मधल्या भिंती पाडायच्या.”