अचूक निरीक्षण

“वाचायची गरजच नाही सर. तुम्ही फक्त ‘सबमिट’ दाबा.”

शाल्मली पिसाळनं मोबाइल पुढे धरला.

अनगळ सरांनी तो घेतला नाही. ते पातेल्यात पाणी ओतत होते.

“कधी बंद होते म्हणालीस ती लिंक?”

“पाचला. सर, चार वाजून गेलेत. घाटात गाड्या अडकल्या होत्या, नाहीतर मी सकाळीच...”

“चहा घेशील ना?”

“सर, आधी हे.”

सरांनी गॅस पेटवला.

महाबळेश्वरच्या बाजारामागे, उतारावर, सरांच्या दोन खोल्या आहेत. भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. निवृत्त हा शब्द संस्थेचा. घडलं ते असं : घाटाखालच्या कॉलेजात एका वर्षी प्रात्यक्षिकांत साऱ्या वर्गाची रीडिंगं दशांशापर्यंत सारखी आली. तिथे, आणि तिथेच कशाला, बहुतेक ठिकाणी, उत्तर पुस्तकातून आधी येतं आणि रीडिंगं मागून जुळवली जातात. सरांनी साऱ्या वर्गाची जर्नलं परत केली. संस्थेनं सरांनाच परत पाठवलं. वर्ग पास झाला, पेढे वाटले गेले. चौकशी कुणाचीच झाली नाही.

शाल्मली त्याच वर्गात होती. पहिली आली होती.

आता तिला बंगळूरच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत पीएचडीला प्रवेश हवा होता. तीन शिफारसपत्रं लागत होती. तिसरं अनगळ सरांचं असेल तर बरं, कारण तिथले जुने लोक सरांना ओळखतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. गेल्या वर्षी तिचा अर्ज पहिल्याच फेरीत बाद झाला होता. घरच्यांनी आणखी एक वर्ष दिलं होतं, एकच. यंदा नाही जमलं तर जूनपासून साताऱ्याच्या एका क्लासमध्ये मुलांना उत्तरं झटपट काढायला शिकवायचं. क्लासवाल्यांना तिनं होकारही देऊन ठेवला होता.

“दोन पत्रं झाली?” सरांनी विचारलं.

“हो. एक विभागप्रमुखांचं.”

“काय लिहिलं त्यांनी?”

“म्हणजे... ते कामात होते. मला पासवर्ड दिला. म्हणाले, तूच भरून टाक.”

“आणि दुसरं?”

“प्राचार्यांचं.”

“ते तरी कामात नसतील.”

“ते मुंबईला होते. त्यांच्या क्लार्कनं पासवर्ड दिला.”

“म्हणजे आत्तापर्यंत तुझी शिफारस केली कुणी?”

ती मोबाइलशी चाळा करू लागली.

“पिसाळ, मी काहीतरी विचारलं.”

“मीच... पण सर, सगळेच असं करतात!”

“ते मला माहीत आहे. सगळ्यांना मीच शिकवलंय.”

पाणी सळसळू लागलं होतं. शाल्मलीनं मोबाइलवरची वेळ पाहिली. मग रेंज पाहिली. रेंजची एकच काडी होती, तीही ये-जा करत होती.

“वाच,” सर म्हणाले. “मी तुझ्याबद्दल काय म्हणतोय ते मला कळू दे. आणि मराठीत सांग, इंग्रजीत खोटं फार गुळगुळीत वाटतं.”

तिनं भराभर वाचलं. “‘शाल्मलीला मी दोन वर्षं प्रयोगशाळेत शिकवलं. ती मेहनती, जिज्ञासू आणि...’”

“पुढे.”

“‘माझ्या साऱ्या अध्यापनकाळात इतकं अचूक निरीक्षण करणारी विद्यार्थिनी मी पाहिली नाही.’”

“असं म्हणालो मी?”

“शिफारसपत्रात असंच लिहितात सर. साधं लिहिलं तर लोकांना वाटतं, पोरीत काहीतरी खोट आहे.”

सर हसले. मग त्यांनी फळीवरच्या डब्यातून एक थर्मामीटर काढला. पातेल्याच्या झाकणाला मधोमध भोक होतं. त्यातून त्यांनी तो पाण्यात सोडला, वरचा भाग तेवढा बाहेर ठेवला आणि बाजूला झाले.

“पाणी उकळतंय. बघ आणि सांग, किती?”

“सर, आत्ता?”

“अचूक निरीक्षण. माझी सही जायची आहे त्याखाली.”

शाल्मली पुढे झाली. तिच्या चष्म्यावर वाफ धरली. चष्मा तसाच ठेवून ती थर्मामीटरवर वाकली आणि लगेच सरळ झाली. अडवायला बघतात काय मला? शंभर म्हणेन असं वाटलं असेल. पण ती पहिली आलेली होती. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे आणि दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशानं उतरतो, हे तिला तोंडपाठ होतं.

“साडेपंच्याण्णव,” ती म्हणाली.

“पाहिलंस?”

“हो सर.”

“नक्की?”

“नक्की. थोडं इकडेतिकडे असेल. पण साडेपंच्याण्णव.”

सरांनी फडक्यानं थर्मामीटर धरून बाहेर काढला आणि खिडकीच्या उजेडात तिच्यासमोर धरला.

खालचा फुगा फुटलेला होता. नळीत पाऱ्याची रेघ नव्हती. नळी वरपासून खालपर्यंत रिकामी होती.

...

खाली रस्त्यावर पर्यटकांची एक गाडी सारखी हॉर्न वाजवत होती.

“फार वर्षांपूर्वी फुटलाय,” सर म्हणाले. “टाकवत नाही.”

शाल्मलीचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. “सर, ही फसवणूक आहे,” ती म्हणाली. आवाज चढला होता. “माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तुम्ही...”

“साडेपंच्याण्णव मी म्हणालो?”

तिची नजर पुन्हा नळीवर गेली.

...

“मी जाते सर.” तिनं पिशवी उचलली. “पाचच्या आत खाली पोचले तर दुसरं कुणीतरी...”

“पासवर्ड देईल. देईल की!” सरांनी दार अडवलं नाही. त्यांनी पातेल्यातलं पाणी मोरीत ओतलं, पातेलं विसळलं, नवं पाणी भरून गॅसवर ठेवलं आणि डब्यातून दुसरा थर्मामीटर काढला. फुगा तिला दाखवला. पारा चमकला.

“जायचं तर जा. थांबलीस तर हे आहे.”

शाल्मली दारात उभी राहिली. एकदा मोबाइलकडे पाहिलं, एकदा पातेल्याकडे.

तिनं पिशवी खाली ठेवली.

पाणी तापायला वेळ लागला. तापणाऱ्या पाण्याला पाच वाजण्याची घाई नसते. ती नखं खात उभी होती, सर कपबशा पुसत होते.

पाणी उकळलं. सरांनी दुसरा थर्मामीटर झाकणातून आत सोडला. या वेळी तिनं चष्मा काढून ओढणीनं पुसला. वाकली. रेघ दिसेना. डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, नळी बोटांनी हलकेच फिरवली. एकदम पारा उजेडात आला.

ती बराच वेळ तशीच वाकून राहिली.

“किती?”

“त्र्याण्णव.”

“यायला किती हवं होतं?”

“साडेपंच्याण्णव.”

“कॉलेजात काय लिहिलं असतंस?”

“साडेपंच्याण्णव.”

“आणि मी काय दिलं असतं?”

“जर्नल परत.” एवढ्या घाबऱ्या अवस्थेतही तिच्या ओठांवर हसू येऊन गेलं.

“मग आता किती लिहू?”

तिनं पुन्हा पाहिलं. मोबाइल ओट्यावर होता, त्यावर पाचला थोडीच मिनिटं उरलेली दिसत होती. तिनं तिसऱ्यांदा पाहिलं.

“त्र्याण्णव सर. चुकतंय काहीतरी. थर्मामीटर जुना असेल, किंवा पाण्यात पुरेसा बुडाला नसेल... का ते मला सांगता येत नाही. पण दिसतंय त्र्याण्णव.”

सरांनी हात पुढे केला.

तिनं मोबाइल दिला.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. तिनं लिहिलेला सारा मजकूर त्यांनी एका बोटानं पुसून टाकला. शाल्मलीनं ओटा घट्ट धरला. सर एकेक अक्षर शोधत टाइप करत होते. मध्येच थांबून पातेल्याकडे बघत होते. रेंजची काडी गेली, आली, परत गेली. सरांनी मोबाइल खिडकीबाहेर धरला आणि बटण दाबलं.

गोल फिरत राहिलं... फिरत राहिलं...

“गेलं,” सर म्हणाले.

शाल्मली स्टुलावर बसली. सरांनी दोन कप चहा केला, एक तिच्यापुढे ठेवला. तिनं कपाला हात लावला नाही.

“सर, काय लिहिलंत?”

“पाहिलं ते.”

“सगळं?”

“सगळं.”

“ते... पहिलं रीडिंगसुद्धा?”

सरांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर घातली.

“मग सर...” तिनं मान वर केली. “घेतील का मला?”

सर उठले. ओट्यावरचा फुटका थर्मामीटर त्यांनी उचलला, फडक्यानं नीट पुसला आणि तिच्या हातात दिला.

“यात बघून सांग.”