दोन चिरांचं नाणं

पुष्कळ वर्षांपूर्वी, जनावरं माणसांशी बोलत तेव्हाची ही गोष्ट. एका गावात घोंगड्या विणणारी एक बाई राहत होती. तिची शेळी कोणाच्या तरी हरभऱ्यात शिरली आणि कोंडवाड्यात अडकली.

दंड होता चांदीचं एक नाणं. सूर्य मावळेपर्यंत तो भरला नाही, तर शेळी खाटकाला विकली जाणार होती. घरी तिचं करडू दुधासाठी ओरडत होतं.

बाईने घोंगडी विकून नाणं आणलं. कोंडवाड्याच्या कारभाऱ्याने ते उलटसुलट केलं.

"फार मळकं आहे. सोनाराकडून तपासून आण."

सोनाराने छिन्नीने काठाला चीर पाडली. आतून नाणं पांढरं निघालं. "चांदीच आहे," तो म्हणाला.

"त्याचं काय ऐकतेस?" कारभारी म्हणाला. "खालच्या आळीच्या सोनाराला दाखव."

त्यानेही चीर पाडली आणि तेच सांगितलं. बाई धावत परत आली. ऊन भिंतीवर चढलं होतं.

कारभाऱ्याने मान हलवली. "याला दोन चिरा पडल्यात. मोडकं नाणं चालत नाही."

"पण दादा, तुम्हीच तर पाठवलंत."

"तपासून आण म्हटलं होतं. मोडून आण असं कुठे म्हटलं?"

बाई गोंधळली. कापल्याशिवाय खरं कळत नाही, आणि कापलेलं चालत नाही. मग नाणं आणायचं तरी कसं? तिने शेळीकडे पाहिलं.

"मला विचारू नकोस," आतून शेळी म्हणाली. "मला हरभऱ्यातलंच कळतं."

इतक्यात रेशमी फेटेवाला एक माणूस आला. त्याचा घोडाही आत होता. त्याने एक लखलखीत नाणं फळीवर टाकलं, घोडा सोडवला आणि नदीपलीकडे निघून गेला.

"बघ, नाणं असं असावं," कारभारी म्हणाला.

"हे कोणी तपासलं, दादा?" बाईने हळूच विचारलं.

"याला काय तपासायचं? डोळे दिपतात."

शेळी सकाळपासून उपाशी होती. चकाकणारं काही दिसताच तिने फाटकावरून मान लांब केली आणि फळीवरचं ते नाणं दाढेखाली धरलं. कारभाऱ्याने ओरडत ते ओढून काढलं. पाहतो तर दातांच्या ओरखड्यांतून लालसर तांबं दिसत होतं. चांदीचा नुसता मुलामा होता.

"पाण्याच्या घागरीसारखी चव लागली," शेळी म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

कारभारी नदीकडे धावला. पलीकडे नुसती धूळ होती. घोड्याचा दंड आता त्यालाच भरावा लागणार होता.

परत येऊन त्याने बाईचं नाणं उचललं. ज्या चिरांमुळे त्याने ते नाकारलं होतं, त्यांतूनच आतली चांदी दिसत होती. त्याने फाटक उघडलं. दिवस मावळायच्या आत करडाला दूध मिळालं.

कारभारी मात्र पेटीतल्या चकचकीत नाण्यांकडे पाहत बसून राहिला. यांतली किती खरी असतील, हे त्याला काही केल्या उमगेना.

तात्पर्य : जे मळकं दिसतं त्याला आपण पुन्हा पुन्हा पारखतो, पण आधी पारखायला हवं ते आपले डोळे दिपवणारं.