कुंकवाखालची फुली

घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक पेटी होती आणि तिला सगळं घर घाबरून असायचं.

पेटी हत्यारांची होती. त्या घरातले आप्पा नावाचे म्हातारे फिटर वारले आणि त्यांची हत्यारं तिच्यात तशीच राहिली. दर खंडेनवमीला ती पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, त्या दिवशी एकालाही कामाला लावायचं नाही आणि वाहिलेलं कुंकू कधी पुसायचं नाही, अशी घरची रीत. सगळ्यात जाड थर एका पान्यावर चढला होता. तेल आणि कुंकू मिळून त्याचा दगड झाला होता.

"आप्पांचा हात अजून या पान्यात आहे," असं आप्पांचे धाकटे चिरंजीव अंकुशकाका सांगत. "बोल्ट पुरेसा आवळला की पाना आपसूक झटका देतो. आप्पा 'पुरे' म्हणतात."

आणि ती पेटी वाजायची. झाकण बंद असताना, भर दुपारी, जवळ कोणी नसताना. टक. मग थोडं थांबून, टक टक. ती वाजली की काका लगबगीने झाकण उघडून त्या पान्यावर कुंकू वाहायचे. पेटी गप्प व्हायची आणि काही दिवसांनी पुन्हा वाजायची.

काकांची पुतणी निशिगंधा शहरात इंजिनिअरिंग शिकत होती. ती लहान असताना तिचे बाबा घरची मोटार घेऊन घाट चढत होते. वरच्या वळणावर इंजिन फुटलं आणि गाडी मागे दरीत घरंगळली. बाबा गेले. गाडी झाडाला अडकली, म्हणून वर काढता आली. ते इंजिन त्याआधी, आप्पा वारल्यानंतर, काकांनी त्याच पान्याने जोडलं होतं. या दोन गोष्टी त्या घरात एका दमात कोणी बोलत नसे.

यंदा काकांनी ठरवलं, गाडी पुन्हा उभी करायची. दसऱ्याला घाटमाथ्यावरच्या देवीला जायचं, पूर्वीसारखं, आणि वहिनींना, म्हणजे निशिगंधाच्या आईला, पुढच्या सीटवर बसवून न्यायचं. पडवीत इंजिन उघडलं. फुटलेले भाग बदलले. आता पिस्टनच्या दांड्यांचे बोल्ट आवळायचे, एवढं मोठं काम उरलं.

सुट्टीला आलेल्या निशिगंधाने शहरातून एक मापाचा पाना आणला होता. जेवढा जोर ठरवावा तेवढा झाला की तो टक् करून सांगे.

"काका, हे बोल्ट याच्यानेच आवळायचे. कमी झाले तर सुटतील, जास्त झाले तर तुटतील. अंदाजाचं काम नाही हे."

"अंदाज कसला? आप्पा सांगतात ना."

"आप्पांना जाऊन बारा वर्षं झाली."

"म्हणून तर जास्त कळतं त्यांना," काका म्हणाले. "तू फडकं मार. नव्या हत्याराला घराण्याचा हात लागलेला नाही. या इंजिनाला ते लागलं, तर घरात वाईट होईल."

"घरात वाईट व्हायचं काही शिल्लक आहे का?"

काका एकेक बोल्ट आवळत राहिले. प्रत्येक वेळी पाना झटका देई आणि ते समाधानाने मान हलवत. निशिगंधा फडकं आपटून उठून गेली. म्हाताऱ्यांशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, असं तिला वाटलं. पण रागाच्या भरात एक गोष्ट तिच्याकडूनही राहिली. ज्या पान्यावरून ती भांडली, तो तिनेही कधी नीट पाहिला नव्हता.

इंजिन गाडीत चढलं. खंडेनवमी उजाडली. दुपारी आईने निशिगंधाला पेटी उघडून हत्यारं मांडायला सांगितलं. घरात सामसूम होती. तिने तो पाना पाटावर ठेवला आणि कुंकवाच्या करंड्याकडे हात नेला.

टक.

पाना हलला नव्हता. आवाज मात्र त्यातूनच आला होता. थोडं थांबून, टक टक.

स्वयंपाकघरात आईच्या हातातलं भांडं पडलं. ती दाराशी आली.

"तुझे बाबा गेले त्या दिवशी मी खालच्या वळणावर उभी होते," ती म्हणाली. "गाडी असाच आवाज करत वर गेली."

काका धावत आले. "कुंकू वाहा, निशे. लवकर वाहा."

निशिगंधाचा हात करंड्यावर थांबला. इतकी वर्षं हा पाना वाजत होता आणि इतकी वर्षं हे लोक त्याचं तोंड कुंकवाने बुजवत होते. त्याला काय हवंय, हे कुणी विचारलंच नव्हतं. तिने करंडा बाजूला सारला, रॉकेलचं फडकं घेतलं आणि पाना पुसायला लागली.

"पुसतेस? आजच्या दिवशी?"

ती पुसतच राहिली. लाल पापुद्रे पाटावर पडले. खाली लोखंड दिसलं आणि लोखंडावर, पान्याच्या तोंडाशी, कानशीने खोल घासलेली एक फुली.

"काका, हत्यार बाद झालं की आप्पा काय करायचे?"

काकांनी फुलीवरून बोट फिरवलं. ते म्हणाले, "फुली मारायचे. पुन्हा कोणी हातात घेऊ नये म्हणून."

"याचं तोंड झिजलंय. बोल्टवरून घसरतं आणि बोल्ट ढिलाच राहतो. तुमचा झटका तोच."

"म्हणजे दादाच्या इंजिनाचे बोल्टही..." काका म्हणाले आणि खाली बसले.

आईने ते ऐकलं. ती क्षणभर दाराची चौकट धरून उभी राहिली. मग आत जाऊन बॅटरी घेऊन आली आणि काकांच्या हातात दिली.

"भावजी, पोरीला उजेड दाखवा."

खंडेनवमीच्या दिवशी त्या घरात पहिल्यांदाच हत्यार चाललं. निशिगंधा ठोकळ्यांवर चढवलेल्या गाडीखाली शिरली. तिने इंजिनाखालचा तेलाचा चेंबर उतरवला. काकांनी बॅटरी धरली. पहिल्या दांड्याचा बोल्ट तिने चाचपला. तो तिच्या नुसत्या बोटांनी फिरला.

काकांनी बॅटरी आणखी जवळ आणली.

मग मापाचा पाना लागला. प्रत्येक बोल्टला त्याने टक् केलं. शेवटचा बोल्ट बसला तेव्हा पाटावरच्या पान्यातूनही एकदा, अगदी हळू, टक असा आवाज आला. त्यानंतर तो कधी वाजला नाही.

दसऱ्याला निशिगंधाने गाडी घाटात चढवली. वरच्या वळणाशी आईने डोळे मिटले आणि कान दिले. इंजिन एकसारखं चालत होतं. काकांनी गाडी थांबवायला सांगितली. ते कठड्याशी गेले. धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणलेला पाना त्यांनी कपाळाला लावला आणि दरीत सोडून दिला.

तिघंही ऐकत उभे राहिले. खाली खडक होते. पण पाना पडल्याचा आवाज काही आला नाही.

तात्पर्य: ज्याच्यापुढे हात जोडायचे त्याच्याकडे आधी डोळे उघडून पाहावं. थोरांनी मारलेली फुली कुंकवाने झाकली, तर तो त्यांचा मान होत नाही आणि तिची किंमत मागून येणाऱ्यांना मोजावी लागते.