केरबाने मोटारीला चहा पाजला

तुम्ही कधी पाण्याच्या मोटारीला चहा पाजलाय का? नाही ना? एका गावात एक भोळा नर्सरीवाला होता, त्याने पाजला होता. तोही आलं घालून.

त्याचं नाव केरबा. रोपं करण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. मिरचीच्या शंभर बियांतल्या अठ्ठ्याण्णव त्याच्याकडे उगवायच्या. पण सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा. आणि एकदा शिकवलेलं कधी विसरायचा नाही, हा त्याचा दुसरा दोष.

त्याची बायको हौसा. दिवसाला दीडशे झाऱ्या पाणी ती एकटी रोपांना घालायची. त्या उन्हाळ्यात तिचा उजवा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, आता झारी उचलायची नाही. मग ती डाव्या हाताने उचलायला लागली. डावाही कुरकुरायला लागला तेव्हा तिने केरबाला समोर बसवलं.

"अहो, बँकेचं कर्ज काढा आणि फवाऱ्याचा संच बसवा. नाहीतर पुढच्या महिन्यात नर्सरीला कुलूप लावायचं."

फवाऱ्याचा संच म्हणजे एक मोटार, नळ्या आणि रोपांवर टांगलेली बारीक तोंडं. कॉक फिरवला की धुक्यासारखं पाणी पडतं. केरबा तालुक्याला गेला, दुकानातून संचाचं दरपत्रक घेतलं. वाटेत एका गिऱ्हाइकाला रोपं द्यायची होती, म्हणून कागद रोपांच्याच ओल्या टोपलीत ठेवला. बँकेत पोचेपर्यंत आकडे वाहून गेले होते.

कर्जाचं काम शिंगटे साहेबांकडे होतं. त्यांनी तो लगदा दोन बोटांत धरला आणि केरबाला शिकवलं की महत्त्वाची वस्तू अशी आणत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत घालावी, तोंडाला गाठ मारावी, वारा शिरू देऊ नये.

"आलं ध्यानात," केरबा म्हणाला.

दरपत्रक मग दुकानदारानेच परस्पर बँकेत पाठवलं. साहेबांनी केरबाकडे फक्त नमुन्याला दोन गुलाबाची कलमं मागितली. नमुना त्यांच्या घरच्या गॅलरीत तपासायचा होता. केरबाने चांगली फुटलेली कलमं निवडली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि वर गाठ मारली. दुपारच्या उन्हात दोन तासांचा रस्ता. साहेबांनी पिशवी सोडली तेव्हा आतून पालेभाजी शिजल्याचा वास आला.

साहेब म्हणाले की अरे, जिवंत जीव आहे हा. उघड्यावर आणावा, वारा लागू द्यावा, अधूनमधून वरून पाणी मारावं.

"आलं ध्यानात."

मग जामीनदार आणायची वेळ आली. हौसाचे गजाबामामा मोठ्या मिनतवारीने तयार झाले. मामांना परीटघडीची फार आवड. ते टेम्पोत पुढे चालकाशेजारी बसायला निघाले, तर केरबाने त्यांना मागे उघड्यावर चढवलं आणि स्वतः झारी घेऊन शेजारी उभा राहिला. दर मैलाला टेम्पो थांबायचा आणि केरबा मामांवर पाणी मारायचा. मुळाशी जास्त, वर थोडं.

बँकेत मामा शिरले ते धोतर पिळतच. "या माणसाला एकदाचं कर्ज देऊन टाका," ते साहेबांना म्हणाले. "मला घरी जाऊ द्या." आणि सांगतील तिथे त्यांनी सही केली.

मामा गेल्यावर साहेबांनी केरबाला बाजूला घेतलं. दारी मोलाचा पाहुणा आला तर त्याला सावलीत खुर्ची द्यावी, बरा आहेस का म्हणून विचारावं, आलं घालून चहा पाजावा.

"आलं ध्यानात."

घरी येऊन त्याने ते हौसालाही सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या ध्यानात काही आलं की माझ्या पोटात गोळा येतो."

आठवड्याने संच आला. हौसा बाजारात गेली होती. इतक्या मोलाचं आजवर त्यांच्या दारी काही आलं नव्हतं. केरबाने मोटार सावलीत खुर्चीवर ठेवली आणि प्रवास बरा झाला का म्हणून विचारलं. मोटार बोलली नाही. दमली असेल, असं त्याला वाटलं. त्याने मोटारीच्या तोंडात दोन कप चहा ओतला.

इलाही फिटर संच जोडायला आला आणि त्याने मोटार चालू केली. वरच्या तोंडांतून मिरचीच्या रोपांवर चहा पडला, मग चहाची पत्ती अडकली आणि सगळं बंद. फिटरचा अर्धा दिवस तोंडं साफ करण्यात गेला.

"केरबाभाऊ, ही बँकेची वस्तू आहे," तो म्हणाला. "हिला पाहुणचार नसतो. बँकेकडून वाडीत जे येईल ते फडक्याने पुसून कोरडं करायचं आणि त्याच्यावर लाल ऑइलपेंटने लिहायचं, बँकेकडे तारण, विकू नये. साहेब पाहणीला येतील तेव्हा हेच बघतील. त्यांची सही झाली नाही तर दुकानाचे शेठ संच उचलून नेणार."

"आलं ध्यानात."

केरबाचं अक्षर सुरेख होतं. त्याने मोटारीवर लिहिलं, नळ्यांवर लिहिलं, कॉकवर बारीक अक्षरात लिहिलं. रंगाचा अर्धा डबा उरला.

पाहणीच्या दिवशी हौसाने त्याला बजावलं की आज नवीन काही शिकायचं नाही. आणि खरंच, त्या दिवशी केरबाचं काही चुकलं नाही. त्याने साहेबांना सावलीत खुर्ची दिली. चहा कपातून दिला. साहेबांनी संच पाहिला, लाल अक्षरं वाचली, मान डोलावली. सही उद्या ऑफिसात करतो, म्हणाले. हौसाला इतकं बरं वाटलं की ती साहेबांसाठी दोन नवी कलमं काढायला गेली, उघडी आणि पाणी मारलेली.

साहेबांनी पाय पसरले. वरून गार धुकं पडत होतं. डोकं मागे टेकून ते घोरायला लागले. साहेबांना टक्कल होतं, चांगलं ऐसपैस.

हौसा परत आली तेव्हा केरबा खुर्चीमागे उभा राहून साहेबांच्या डोक्यावर फुंकर घालत होता.

"अहो, काय केलंत?"

"हळू बोल. अजून ओलं आहे."

"साहेबांवर?"

"तेही बँकेकडूनच आलेत," केरबा म्हणाला. "आधी पुसून कोरडं केलंय."

हौसाने घासलेटची बाटली आणली, तेवढ्यात साहेब जागे झाले. झोप छान लागली म्हणाले, कलमं घेतली आणि मोटारसायकलवर बसून निघाले. तालुक्याचा आठवडी बाजार भरला होता. साहेब त्याच्या मधून गेले.

त्या रात्री हौसाला झोप लागली नाही. केरबाला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंगटे साहेब भर उन्हाळ्यात कानटोपी घालून बँकेत आले, दार लावून बसले आणि केरबाच्या कागदावर त्यांनी लिहिलं: 'सर्व वस्तूंवर बँकेचं नाव ठळक आणि पक्क्या रंगात आहे, पुन्हा पाहणीला जाण्याची गरज नाही.' मग सही केली.