म्हैस हसेना

"…पण वाचता येतं तिला, माई. मग वाचत का नाही?"

आनंदीमाई मठाच्या ओसरीवर विळी घेऊन पेरू चिरत होत्या. समोर हेरंब बसला होता. संस्कृतचे पहिले धडे त्यानं लहानपणी याच ओसरीवर माईंकडे गिरवले होते. आता तो कॉलेजात व्याकरण शिकवत होता, आणि त्याच्यासमोर बोलताना भलेभले शब्द जपून वापरत.

त्याची सात वर्षांची रेणू खांबाआड उभी होती.

"पुस्तक काढलं की हिच्या पोटात दुखतं. परवा तर पलंगाखाली जाऊन बसली. मी रागावलो नाही, माई. नुसतं म्हटलं, ये, वाचू या… तर रडायलाच लागली. माझी मुलगी!"

"वाचून झालं की काय विचारतोस तिला?"

"अर्थ विचारतो. जोडाक्षरं विचारतो. तात्पर्य…"

"आणि ती काय विचारते तुला?"

"ती कुठं काय विचारते?"

माई उठल्या. आतल्या फडताळातून एक पुस्तक घेऊन आल्या. कोपरे झिजलेलं, चांगलं ऐसपैस. वर डबक्यात बसलेली एक गलेलठ्ठ म्हैस.

हेरंबनं ते भराभर चाळलं.

"पानाला दोन-दोन शब्द आहेत, माई. बाकी नुसती चित्रं. ही दुसरीत आहे."

"हो का?"

माईंनी पुस्तक ओसरीवर उघडं ठेवलं आणि पुन्हा विळीवर बसल्या.



हळूच रेणू खांबाआडून पुढं आली. पुस्तकावर ओणवी झाली.

"ही उठत का नाही?"

"खाली लिहिलंय ना, वाच ब—"

माईंनी पेरूची फोड हेरंबच्या तोंडात घातली.

"डोक्यावर बेडूक बसलाय म्हणून!" रेणूनं आपलं आपणच ठरवलं. पान उलटलं. "अय्या, आता शेपटीवर गेला!"

हेरंबनं घाईघाईनं फोड गिळली. "बेडूक या शब्दात डू—"

दुसरी फोड.

रेणू पुस्तक ओढत बाबाजवळ आली आणि त्याच्या मांडीत जाऊन बसली. पुढच्या पानावर सगळं गाव दोर लावून म्हैस ओढत होतं. एकाचं धोतर सुटलं होतं. पाटील चिखलात उताणे पडले होते. रेणू इतकी हसली की तिला उचकी लागली. मग तिचं बोट आपसूक चित्राखालच्या अक्षरांवर गेलं.

"म्हैस… ह… से… ना. म्हैस हसेना!"

हेरंब ताठ झाला. छापलेलं होतं 'हलेना'.

त्यानं माईंकडे पाहिलं. माईंनी या वेळी फोड पुढं केली नाही. नुसत्या पाहत राहिल्या.

हेरंबनं ताटलीतली एक फोड उचलली आणि स्वतःच तोंडात टाकली.

"बाबा, सगळे पडतायत, तरी ही हसतच नाही…" रेणू थबकली. एकदा दोराकडे पाहिलं, एकदा अक्षरांकडे. "अं हं! ह-ले-ना! म्हैस हलेना! हलतच नाहीये ती, बाबा!"

हेरंबनं तात्पर्य विचारलं नाही. तोंड तर केव्हाच रिकामं झालं होतं.

"पुन्हा पहिल्यापासून," रेणू म्हणाली.

पुन्हा पहिल्यापासून झालं. मग आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला हेरंबच एकदम ओरडला, "अगं, हा बघ! पाटलांच्या पागोट्यात बेडूक!"

"कुठं? कुठं?"

दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. माई पदराआड हसल्या.

ऊन ओसरीवरून उतरलं तेव्हा ती दोघं निघाली. रेणूनं पुस्तक काखेत घट्ट धरलं होतं, एका हातानं चपलेचा पट्टा लावायची धडपड चालली होती. हेरंब माईंच्या पाया पडला.

"घरी नेऊ हे?"

"ने की."

"किती दिवसांत संपवायला सांगू तिला?"

माईंनी विळी मिटली. विळीवरच्या बिया पुसल्या…

"संपवायचं असेल, तर इथंच ठेव."