ओल्या पोटाची पखुर्डी

पूर्वी माहिष्मती नगरीत राजा जयघोष राज्य करीत होता. त्या काळी मरुभूमीतील एका खडकाळ माळावर बोधिसत्त्वांनी पखुर्डी पक्ष्याच्या कुळात जन्म घेतला होता. पखुर्डी कबुतराएवढी असते आणि रंगाने अगदी वाळूसारखी. ती दगडांत बसली की दगडच वाटते. घरटे ती बांधत नाही. उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि पिल्ले चालू लागली तरी त्यांना उडता येत नाही. म्हणून पिल्लांसाठी पाणी आणायचे काम नराकडे असते. तो सकाळी दूरच्या पाणवठ्यावर जातो, पोटाची पिसे पाण्यात भिजवतो आणि तसाच जड होऊन परततो. मग तो पिल्लांसमोर ताठ उभा राहतो आणि पिल्ले त्याच्या पिसांतून पाणी चोखतात. बोधिसत्त्व रोज हेच करीत.

त्या वर्षी पर्णदत्त नावाचा एक व्यापारी बैलगाड्यांचा तांडा घेऊन मरुभूमी ओलांडत होता. त्याच्याबरोबर त्याची पत्नी रोहिणी आणि त्यांचे तान्हे बाळ होते. वाटाड्या होता शरभ. तो तिरंदाजही होता. वाटेतली विहीर वाळूने बुजलेली निघाली तेव्हा शरभ म्हणाला, "घाबरायचं कारण नाही, स्वामी. सकाळी पाखरं जातात तिकडे पाणी असतं. मरुभूमीतला हा जुना नियम आहे."

सकाळी पाखरांचा थवा उगवतीकडे जाताना दिसला. तांडा त्याच्यामागे निघाला. थोड्या वेळाने दुसरा थवा दिसला, तो मावळतीकडे चालला होता. तांडा वळला. मग पुन्हा उगवतीकडे जाणारा थवा आला. असे करता करता बैलांसमोर चाकांच्या ताज्या खुणा आल्या. माणसांना क्षणभर आनंद झाला. मग कोणीतरी खाली वाकून पाहिले. त्या त्यांच्याच गाड्यांच्या खुणा होत्या.

"शरभा," पर्णदत्त म्हणाला, "निम्मी पाखरं इकडे, निम्मी तिकडे. तुझ्या नियमातली निम्मी कोणती?"

"बापाने एवढंच सांगितलं होतं, स्वामी."

"तुझा बाप पोहोचला होता ना पाण्यापर्यंत?"

"पोहोचला असणार. मी झालो ना!"

कोणी हसले नाही. शेवटी तांडा उगवतीकडेच निघाला आणि एका खडकाळ माळावर येऊन थांबला. थवे तिथेच उतरत होते, पण पाण्याचा थेंबही नव्हता. शरभ दगड उलटून पाहू लागला. पर्णदत्त कधी आकाशाकडे पाही, कधी जमिनीकडे. तांड्यातले पाणी संपले होते. रोहिणीचे दूध आटले होते, आणि सकाळपासून रडणारे बाळ आता रडायचे थांबले होते.

हा माळ म्हणजे पखुर्ड्यांचे घर होते. पाण्याकडून परतणाऱ्या थव्याच्या मागे तांडा आला होता. बोधिसत्त्व नुकतेच भिजल्या पोटाने येऊन एका दगडाआड उतरले होते. त्यांना माणसांचा गोंधळ दिसला, आणि ते बाळही दिसले.

त्यांची सहचरी म्हणाली, "अहो, तिकडे काय बघता? पिल्लं वाट बघतायत."

"त्यांचं पिल्लूही वाट बघतंय," बोधिसत्त्व म्हणाले.

थव्यातला एक म्हातारा पक्षी जवळच बसला होता. तो म्हणाला, "लेका, माणसाला पाणी दाखवलंस की मागून जाळं येतं. माझे भाऊ असेच गेले. मग आपण प्यायचं कुठे? तुझी पिल्लं काय चोखणार, वाळू?"

"काका, तुमचं खोटं नाही."

"मग गप्प बस."

बोधिसत्त्व गप्प बसले, पण त्यांचे मन गप्प बसेना. पाणवठा दाखवला तर आपले कुळ मरेल का? कदाचित मरेल. न दाखवला तर ते बाळ मरेल, यात मात्र कदाचित नव्हते. तरीही योग्य काय, हे त्यांना कळेना. एका पित्याने दुसऱ्या पित्याच्या लेकरासाठी आपल्या लेकरांच्या तोंडचे पाणी द्यावे का? ज्ञानी पुरुषालाही याचे उत्तर चटकन सापडले नसते आणि ते तर एक पाखरू होते. एवढेच त्यांना दिसत होते की आपले पोट ओले आहे आणि ऊन वाढते आहे.

ते उडाले आणि थेट रोहिणीच्या पायांपाशी उतरले. पिल्लांसमोर उभे राहत तसेच ते ताठ उभे राहिले.

शरभाने बाण लावला. "जखमी दिसतंय. हलू नका, स्वामिनी."

"वेडं झालंय," कोणी म्हणाले.

रोहिणीने हात वर करून शरभाला थांबवले. पिसांतून एक थेंब वाळूवर पडला होता. तिने बोटाने ते पोट चाचपले. पाखरू हलले नाही. बोट ओले झाले. ते तिने बाळाच्या ओठांना लावले आणि बाळाने ते चोखले. ती पुन्हा पुन्हा बोट ओले करीत राहिली.

"पाणी आहे हे!"

"या उन्हात?" शरभ म्हणाला. "घाम असेल."

"पाखराला घाम येतो, हेही तुझ्या बापाने सांगितलंय का?" रोहिणी म्हणाली. "ते आलं कुठून ते सांग."

शरभाने बाण खाली केला. त्याने आकाशातून माळावर येणाऱ्या थव्यांकडे पाहिले. मग म्हणाला, "मावळतीकडून. स्वामी, जाणारी पाखरं कोरडी असतात आणि येणारी ओली. आपण येणाऱ्यांच्या मागे लागलो होतो."

तांडा मावळतीकडे वळला. बोधिसत्त्व पिल्लांपाशी परतले, तेव्हा त्यांच्या पोटाच्या पिसांत जेमतेम ओलावा उरला होता. पिल्लांनी तो चोखला आणि पुन्हा चोची उघडल्या. म्हाताऱ्याने मान फिरवली.

संध्याकाळी तांडा पाणवठ्यावर पोहोचला. माणसे प्याली, बैल प्याले, बाळ पुन्हा रडू लागले आणि त्या रडण्याने सगळे सुखावले. मग तांड्याच्या रीतीप्रमाणे गाड्यांचे कडे पाण्याभोवती उभे केले गेले. चोरांच्या भीतीने गाडीला गाडी भिडवलेली असे आणि मधून कुत्रेही जाऊ शकत नसे.

सकाळी थवे आले आणि पाण्यावर घिरट्या घालू लागले. उतरायला जागा नव्हती. वर म्हातारा पक्षी बोधिसत्त्वांना म्हणाला, "बघितलंस?" माळावर पिल्ले होती आणि ऊन चढत होते.

खाली शरभाने जाळे उलगडले होते. "स्वामी, आपोआप चालून आलेलं जेवण आहे."

पर्णदत्त वर पाहत होता. "ती उतरत का नाहीत?"

"आपण बसलोय ना त्यांच्या ताटावर," रोहिणी म्हणाली. "काल ते पाखरू ओलं पोट घेऊन आपल्याकडे आलं, तेव्हा त्याची पिल्लं कुठे होती, ते मी रात्रभर विचारतेय स्वतःला."

"कडं मोडलं आणि चोर आले, तर माल जाईल," शरभ म्हणाला. "आणि एका पाखरासाठी? त्याला काय कळत होतं?"

पर्णदत्ताला मालाची काळजी होती आणि माणसांचीही. मग तो म्हणाला, "मलाही काही कळत नाही, शरभा. पण तू बाण लावलास, तरी ते हललं नाही. त्याला तरी काय ठाऊक होतं, आपण कसली माणसं आहोत ते?"

त्याने स्वतःच्या गाडीला बैल जुंपले आणि ती कड्यातून बाहेर काढली. तिच्या मागोमाग त्या बाजूच्या सगळ्या गाड्या हलल्या. शरभ जाळे हातात घेऊन उभाच होता. मग त्याने ते गुंडाळले.

मोकळ्या काठावर प्रथम एकच पाखरू उतरले. त्याने वाळूत पोट घासले आणि मग ते पाण्यात शिरून इकडून तिकडे डुलू लागले. नंतर आकाश रिते होईपर्यंत पाखरे उतरत राहिली.

भगवंतांनी ही कथा सांगितली, तेव्हा दूरदेशी शिकून आलेला एक तरुण भिक्षू समोर बसला होता. परिणाम ठाऊक नसताना कृती करावी का, या प्रश्नाने त्याची झोप उडाली होती. भगवंत त्याला म्हणाले, "पुण्णका, जाळे हातात घेऊन उभा राहिलेला शरभ तेव्हा तूच होतास, आणि जाळे तूच गुंडाळलेस. रोहिणी आज भिक्षुणी संघात आहे. पर्णदत्त तो उपासक, ज्याने या विहाराची विहीर वाटसरूंसाठी उघडी ठेवली आहे. म्हातारा पक्षी तो स्थविर, जो मागे खांबाला टेकून अजूनही मान फिरवतो आहे. ओल्या पोटाचे पाखरू मीच होतो. भिक्षूंनो, वाट पूर्ण दिसेपर्यंत थांबलो असतो, तर पोट वाळले असते. अंधुक दिसत असतानाही जी पुढे होते, ती करुणा."