न विचारता लावलेला ब्रेक

"आता तुमीच सांगा उस्ताद, गाडी मी चालवायची का गाडीनं मला?"

भानुदास लोंढे उभ्यानेच विचारत होता. बसायलाही तयार नव्हता, इतका तो पेटला होता.

हमजाभाई मुलाणी लिंबाखालच्या बाकड्यावर सुपारी कातरत बसले होते. फाट्याच्या आसपासच्या गावांत ज्याला गाडी नीट चालवता येते, तो बहुतेक हमजाभाईंकडेच शिकलेला असतो. ज्याला येत नाही, तोही त्यांचंच नाव सांगतो. आता त्यांचं वय ऐंशीच्या पुढे गेलंय. नजर अधू झालीय, कान मात्र तिखट आहेत.

"काय केलं गाडीनं?"

"बिरेक लावला."

"मग?"

"मी न्हाई लावला! तिनं लावला. मला न विचारता."

"बस खाली," हमजाभाई म्हणाले.

भानुदास बसला. या माणसाने एकतीस वर्षं एसटी चालवली आणि कुणाला साधं खरचटूही दिलं नाही. त्याबद्दल त्याचा सत्कार झाला होता. शाल-श्रीफळ घेतानाचा तो फोटो घरात देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावलेला आहे आणि त्यालाही रोज उदबत्ती मिळते. निवृत्तीनंतर तो तालुक्याच्या डॉक्टर सरोजबाई देशमान्यांची गाडी चालवू लागला. बाईंनी गेल्या महिन्यात नवी गाडी घेतली. पुढे काही आडवं आलं की ही गाडी आपणहून थांबते.

आज सकाळी बाजारपेठेत दोन उभ्या टेम्पोंच्या मधून एक सायकलवाला अचानक पुढे आला. गाडी कचकन थांबली. सायकलवाल्याने घाम पुसला आणि निघून गेला. गोष्ट खरं तर एवढीच होती.

"आन् बाई मागनं काय म्हणाल्या म्हाईत हाय? 'बरं झालं, गाडीनं वाचवलं.' गाडीनं! मग मी काय स्टेरिंगवर बसवल्यालं बुजगावणं हाय व्हय?"

हमजाभाईंना हसू आलं. ते त्यांनी सुपारीबरोबर चघळून टाकलं.

"तुझा पाय कुठं हुता?"

"निघाला हुता बिरेककडं."

"पोचला हुता?"

भानुदास लिंबाच्या फांद्या बघू लागला.

"...पोचलाच असता."

"बरं. आता काय ठरवलंस?"

"बाईंना म्हणालो, ते बंद करता येतंय, करा बंद. त्या न्हाई म्हणाल्या. मग मी किल्ली टेबलावर ठिवली. एक तर ते यंत्र ठिवा, न्हाईतर मला. त्या म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत विचार करून सांगा, लोंढे."

त्याने बाकड्याची कड धरली.

"काम सोडायचं न्हाई मला, उस्ताद. गाडीबिगर मी घरात काय करू? भिंती बघत बसू? पण गाडी आपल्याला सांभाळतीया, आन् आपण नुसतं बसायचं... ते बी जमायचं न्हाई."

बिचारा खरं सांगत होता. त्या गोल चाकावर हात नसले, तर ते कुठे ठेवायचे हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"आन् तुमचंच घ्या की! मला शिकवलं तवा कधी स्टेरिंगला हात लावला तुमी? दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचा. म्हणायचा, दुसऱ्याच्या ताब्यातली गाडी आपण धरायची न्हाई."

ही हमजाभाईंची रीतच होती. शिकाऊ माणूस घाटातल्या वळणावर चुकायला लागला की ते घसा फुटेस्तोवर ओरडत, पण हात मांडीखालून काढत नसत. दिवसभर शिकवून घरी जाताना त्यांच्या बोटांना मुंग्या आलेल्या असत.

"दाबून का बसायचो?"

"लावायचा न्हाई म्हणून."

"हात गपगुमान बसणारा असता, तर मांडीवर ठिवला असता की."



हमजाभाई काठी टेकत उठले. "चल, च्या घेऊ."

चहाची टपरी रस्त्याच्या पलीकडे. हमजाभाई हा रस्ता कानांनी ओलांडतात. ट्रक किती लांब आहे आणि भरलेला आहे की रिकामा, हेही ते आवाजावरून सांगतात.

रस्त्याच्या कडेला ते थांबले. मान जरा कलती करून त्यांनी ऐकलं. चिमण्या, टपरीवरचा स्टोव्ह, बाकी काही नाही.

त्यांनी रस्त्यात पाऊल टाकलं.

उजवीकडून एक विजेवरची स्कूटर येत होती. अजिबात आवाज नाही, आणि वेग चांगलाच.

भानुदासने उस्तादांचा दंड धरून त्यांना मागे खेचलं. टर्रकन कुडत्याची बाही उसवली. काठी डांबरावर पडली आणि स्कूटर वीतभर अंतरावरून निघून गेली.

...

"भान्या!" हमजाभाई कडाडले. टपरीवरचे लोक बाहेर येऊन बघू लागले. "मी तुला वढ म्हणालो हुतो?"

"न्हाई."

"पाय माझे, रस्ता माझा. साठ वर्सं वलांडतोय मी. तू कोण मला धरणारा? ईदचा कुडता फाडलास, गाढवा! बैला! अक्कल म्हणून न्हाई तुला!"

उस्तादांचा दंड भानुदासने अजून सोडला नव्हता.

"चुकलो, उस्ताद."

मग त्याने मान हलवली.

"न्हाई... चुकलो न्हाई. पुन्यांदा असं झालं, तर पुन्यांदा वढीन. तुमी कितीबी बोला."



समोरून उसाची एक ट्रॉली खडखडत गेली. ती जाईपर्यंत दोघे तसेच उभे राहिले. भानुदास आपल्या हाताकडे बघत होता. आपण हाताला हुकूम दिल्याचं त्याला काही केल्या आठवेना.

मग तो हसला. आधी लाजल्यासारखा, नंतर मोकळा. त्याने वाकून काठी उचलली आणि दोघे रस्ता ओलांडून गेले.

चहा येईपर्यंत त्याने फोन लावला.

"बाई, लोंढे बोलतोय. सकाळी आठला येतो... व्हय, व्हय. ते असू द्या तसंच चालू."

फोन खिशात टाकून त्याने घोट घेतला. सकाळपासून तोंडाची चव गेली होती त्याच्या. आता चहा छान गोड लागला. आपल्यासारख्या जुन्या माणसाचा हात अजून वेळेवर जातो, याचाही त्याला गुपचूप आनंद झाला होता.

पण ड्रायव्हर तो ड्रायव्हरच. एक शंका राहिलीच.

"उस्ताद, एक हाय पण. परवा वाऱ्यानं उडाल्यालं मोकळं पोतं बघून बी गाडी थांबली. पुढं माणूस न्हाई, जनावर न्हाई, उगाच कचकन! तवा काय करायचं?"

हमजाभाईंनी बशीतल्या चहावर सावकाश फुंकर मारली.

"तवा घाल की शिव्या, पोटभर. मी तर खरी स्कूटर असताना बी घातल्या तुला."